तो काना मी घातला

त्या कागदावर काना नव्हता. तो मी घातला.

कागद शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा. खरेदीखत, जुन्या मोडी लिपीतलं. बेळगावच्या पूर्वेला, जिथं एकाच अंगणात मराठी आणि कानडी दोन्ही बोलल्या जातात, तिथल्या एका शेतकरी कुटुंबानं तो माझ्याकडे आणला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला, आणि पिशवी जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेली. घड्यांवर कागद फाटला होता, मधल्या घडीवरची निम्मी ओळ गेलेली. मी भिंग घेतलं, कागद खिडकीशी धरला आणि वाचत गेले. शेवटी चतुःसीमा आली. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस तमक्याचं, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस 'हळ'.

हळ म्हणजे काय? मला ठाऊक असलेल्या मराठीत तो शब्द बसेना. 'हाळ' ठाऊक होता. विहिरीजवळ गुरांना पाणी प्यायला बांधलेला हौद. मोडी लिहिणारा हात न उचलता भराभर लिहीत जातो, काना अक्षराच्या वळणातच मिसळतो, घाईत कधी सुटतो. इथंही सुटला असणार असं मी धरलं आणि समोर बसलेल्या मायलेकांना सांगितलं, "उत्तरेला हाळ आहे. गुरांचा दगडी हौद. तो सापडला की तुमच्या रानाची हद्द सापडली."

दोघांनी मान डोलावली. मी देवनागरीत स्वच्छ प्रत काढून दिली, खाली सही केली. जाताना त्यांनी पिशवीभर ओल्या शेंगा ओट्यावर ठेवल्या.

ही 2017 सालची गोष्ट.

मी तीस वर्षं हायस्कूलला मराठी शिकवलं. निवृत्त व्हायच्या चार वर्षं आधी, 2012 ला, रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या माडीवर मोडीचा वर्ग सुरू केला, तो अजून चालू आहे. बेळगावला वाचनालयांची सवय जुनी आहे, इथलं सार्वजनिक वाचनालय 1848 चं. वर्गाला कॉलेजातली मुलं येतात, वकिलांकडे काम करणारे येतात, आणि ज्यांच्या घरात ट्रंकेच्या तळाशी कागद आहेत असे शेतकरी येतात. पहिल्या दिवशी सगळ्यांची दमछाक एकाच ठिकाणी होते. मोडीत आधी पानभर रेघ ओढून घेतात आणि मग तिला अक्षरं टांगत जातात. शब्द संपला म्हणून जागा सोडत नाहीत, वाक्य संपलं म्हणून टिंब देत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत. म्हणजे ओळ सलग वाहत असते आणि ती कुठं तोडायची हे वाचणाऱ्यानं अर्थाच्या आधारानं ठरवायचं. डोळे अर्धंच काम करतात. उरलेलं काम तुम्हाला आधीपासून जे शब्द माहीत असतात ते करतात.

हे मी वर्गात शेकडो वेळा सांगितलं आहे. जो शब्द तुम्हाला माहीतच नाही तो मोडीत तुम्हाला दिसणार नाही, त्याच्या जागी तुम्हाला तुमचा ओळखीचा शब्द दिसेल. सांगताना माझा आवाज ठाम असायचा. ते मला लागू आहे असं मात्र मनात आलं नाही.

वर्गामुळे भाषणं आली. आमच्याकडे थंडीत, भाताची कापणी-मळणी आटोपली की गावोगावी साहित्य संमेलनं भरतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा. सकाळी ग्रंथदिंडी, शाळेच्या पटांगणावर मांडव, दुपारी सगळ्या गावाचं जेवण. सीमाभागात व्यासपीठाला वजन आहे, आणि त्याला कारणही आहे. 1946 साली बेळगावात भरलेल्या साहित्य संमेलनातच, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्या मातीत वाढलेली माणसं भाषण नुसतं ऐकत नाहीत, जपून ठेवतात. अशा माणसांसमोर उभं राहायला मला मनापासून आवडायचं. हेमाडपंतापासून सुरुवात करायची, शिवकाळातली चिटणिशी वळणं, पेशवाईतलं रेखीव मोडी, इंग्रजी अमदानीत निबेनं लिहिलेलं मोडी, आणि शेवटी, "तुमच्या घरातला कागद रद्दीत घालू नका." लोक भेटायला यायचे. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं यायचं.

दहा वर्षांत त्या भाषणात एका वाक्याची भर पडली असेल : 2014 साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. बाकी भाषण तेच.

माझी एक वही आहे, निळ्या कापडी बांधणीची. मोडी शिकत होते तेव्हापासून नवा शब्द, नवं संक्षेपाक्षर, एखाद्या कारकुनाचं वेगळं वळण सापडलं की त्यात तारीख घालून लिहायचं असा नेम होता. वळवाच्या पावसानं कपाटाला ओल आली म्हणून ती बाहेर काढली आणि सहज पानं उलटली. पहिली सत्तर पानं गच्च. एकाच आठवड्यात तीन-तीन नोंदी. मग विरळ. शेवटची नोंद फेब्रुवारी 2012 ची. त्यापुढं कोरी पानं, कडांना पिवळी पडलेली. वर्ग मी मार्च 2012 मध्ये सुरू केला होता.

मी बराच वेळ त्या दोन तारखांकडे बघत बसले.

याचं उत्तर 'मग शिकवूच नये' असं आहे का? तसंही मला वाटत नाही, आणि त्याला कारण आहेत माझे गुरुजी. ज्यांच्याकडून मी मोडी शिकले ते आयुष्यभर शिकतच राहिले. त्यांना कुणी बोलायला बोलावलं की म्हणायचे, "अजून पुरतं कळलं नाही, कळलं की सांगीन." ते खोटा विनय दाखवत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटायचं. जुन्या कागदांतल्या संक्षेपांची, वजन-मापांची, सुहूर सन (जुन्या कागदांतली वर्षगणना) आणि चांद्रतिथी जुळवण्याची त्यांनी स्वतःसाठी टिपणं काढली होती. चिठ्ठ्या, पाकिटांच्या पाठी, कॅलेंडरची उलटी पानं. ते गेले तेव्हा घरच्यांना त्या चिठ्ठ्यांत काय आहे हे कळायला मार्गच नव्हता. मी पोचले तोवर खोली रिकामी झाली होती. एक माणूस चाळीस वर्षं शिकला आणि ते सगळं एका दुपारी टेम्पोतून गेलं. मी वर्ग सुरू केला तो त्या दुपारच्या धक्क्यानं. तो निर्णय चुकला असं मी आजही म्हणणार नाही.

पण गुरुजींची एक सवय मी वर्गात शिकवत राहिले आणि स्वतः सोडून दिली. वाचताना अक्षर पटलं नाही की ते चौकोनी कंसात लिहायचं आणि पुढं प्रश्नचिन्ह घालायचं. जे कागदावर नाही ते आपल्या पदरचं घालायचं नाही, घातलंच तर घातलं असं दिसू द्यायचं. त्यांच्या प्रतींत अशी प्रश्नचिन्हं विखुरलेली असायची. माझ्या सुरुवातीच्या प्रतींतही आहेत. नंतरच्या प्रती स्वच्छ आहेत.

त्या स्वच्छ का झाल्या, याचा मी खूप विचार केला. एकट्यानं कागद वाचताना प्रश्नचिन्ह घालायला काहीच वाटत नाही. समोर माणूस बसलेला असतो, तो पंचवीस किलोमीटरवरून बस बदलत आलेला असतो, त्याच्या डोळ्यांत 'बाई सांगतील' असं असतं, तेव्हा हात धजत नाही. त्याची निराशा होईल असं आपण स्वतःला सांगतो. खरं म्हणजे आपली पत जाईल ही भीती असते. आणि देण्याची एक चव असते, ती जिभेवर बसली की 'मला माहीत नाही' हे बोलणं दिवसेंदिवस जड होत जातं. लबाडी कुठंच नसते. प्रेमानं, तळमळीनं, मदत करायच्या इच्छेनंच माणूस काना घालतो.

वही सापडल्यावर मी ठरवलं की आपल्याला ज्यातलं काहीच येत नाही असं काहीतरी शिकायला बसायचं. फार लांब जायची गरज नव्हती. मला कन्नड वाचता येत नव्हतं.

बोलता येतं. भाजीबाजारात, बसमध्ये, शेजारीपाजारी सहज बोलते. नोकरीत असताना खात्याच्या परीक्षेपुरती अक्षरं घोटली होती, परीक्षा झाली आणि ती पुसली गेली. पुसली गेली म्हणण्यापेक्षा मी पुसू दिली. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, त्याच वर्षीचा माझा जन्म. दर 1 नोव्हेंबरला वडील काळी फीत लावून फेरीत जायचे, आई चूल पेटवायची नाही. घरात कुणी तोंडानं बोललं नव्हतं, पण कन्नड पाटी वाचता येणं म्हणजे आपण काहीतरी सोडून दिल्यासारखं आहे अशी एक भावना माझ्यात मुरली होती. आमच्या शेतकऱ्याला सातबाऱ्यासारखा उतारा कन्नडमध्ये मिळतो आणि तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, याचा सल मला आहे. तो मराठीतही मिळाला पाहिजे ही मागणी माझीही आहे. जिथं भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून अधिक आहेत तिथं नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्र सरकारनंच मान्य केलेलं आहे. पण आपला हक्क मागणं आणि शेजाऱ्याची लिपी न वाचणं या दोन गोष्टी मी इतकी वर्षं एकाच गाठोड्यात बांधून ठेवल्या होत्या. ती गाठ सोडवायला मला साठी ओलांडावी लागली.

शेजारच्या अक्का सौंदत्तीकडच्या, कन्नड प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. मी विचारलं तेव्हा त्यांनी काही आश्चर्य दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी पाटी-पेन्सिल घेऊन आल्या. वही नको म्हणाल्या, पाटीवर चूक पुसता येते.

कन्नडमध्ये 'ए' दोन आहेत, 'ओ' दोन आहेत, आखूड आणि लांब. आपल्या कानाला ते वेगळे वाटतच नाहीत, कारण आपल्याकडे तो फरकच नाही. 'बेळे' मधला 'बे' आखूड असला तर पीक, लांब असला तर डाळ. 'ळ'चा 'ल' झाला की 'बेले', म्हणजे किंमत. अक्का म्हणायच्या आणि मी म्हणायची, आणि प्रत्येक वेळी माझ्या पिकाची डाळ होत होती. त्या वैतागल्या नाहीत, हसल्याही नाहीत. "मत्तोम्मे," एवढंच म्हणायच्या. पुन्हा एकदा. तीस वर्षं मी वर्गात उभी होते, पण 'पुन्हा एकदा' हे शब्द ऐकणाऱ्याच्या बाजूनं कसे लागतात हे विसरून गेले होते. कानाच्या पाळ्या गरम होतात. आणि मग विसाव्या वेळी बरोबर आलं की छातीत जे होतं, तेही मी विसरले होते.

श्रावणातली दुपार होती, बाहेर धो धो पाऊस. अक्कांच्या भाच्यानं घातलेलं दुकान बसलं होतं, त्याबद्दल त्या सांगत होत्या. शेवटी सुस्कारा टाकून म्हणाल्या, "एल्ला हळ्ळ हिडीतु."

"हळ्ळ म्हणजे?"

"हळ्ळ री. पाऊस आला की भरून वाहतो तो. तुम्ही काय म्हणता? ओढा. सगळं ओढ्यानं गेलं, असं."

मी पेन्सिल खाली ठेवली. ओढा, ओहोळ, नाला, चंदगडकडं गेलं की व्हाळ, एवढे सगळे शब्द मला माहीत होते. 'हळ्ळी' शेवटी असलेली शंभर गावं तोंडपाठ होती. हळ्ळ माहीत नव्हता. उत्तरेस हळ. कारकुनाचा काना सुटलाच नव्हता, त्यानं फक्त ळ ला ळ जोडायचं टाळलं होतं.

लगेच उठून त्या घरी गेले असं सांगायला मला आवडलं असतं. मला दोन महिने लागले. आधी मी माझ्याकडच्या सगळ्या नकला काढल्या, सव्वाशेच्या वर होत्या, आणि अक्कांना शेजारी बसवून पुन्हा वाचल्या. नऊ ठिकाणी मराठी कागदात कन्नड शब्द बसलेला होता आणि मी त्याला ओढून-ताणून मराठी केलेलं होतं. 'केरे' म्हणजे तळं. एका कागदात ते मी 'केर' वाचून उकिरडा असा अर्थ लावला होता. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुळकर्ण्याला दोन्ही भाषा येत होत्या आणि तो गरजेप्रमाणे जो शब्द जवळचा तो लिहीत होता. त्याच्या लेखी ती सीमा नव्हतीच. रविवारच्या वर्गात मी हे सगळं फळ्यावर लिहून दाखवलं. मुलं गप्प बसली, मग एक मुलगी म्हणाली, "बाई, ज्यांना कागद वाचून दिले त्यांना सांगितलं का?"

ऑक्टोबरात मी बसमध्ये बसले. सांबऱ्याच्या पुढं सुळेभावीचा फाटा आला की मला दर वेळी कुमार गंधर्व आठवतात. 8 एप्रिल 1924 ला ते तिथं जन्मले. लहान मूल असताना मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गायचे, जलशांना गर्दी व्हायची. आणि मग अकरा-बारा वर्षांचा तो मुलगा मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकायला गेला. टाळ्यांचा कडकडाट कानात असताना 'सा' लावून पुन्हा बसणं काय असेल! पुढं क्षयानं पाच-एक वर्षं गाणं बंद पडलं, तेव्हा देवासला अंथरुणावर पडून ते माळव्यातली लोकगीतं ऐकत राहिले. त्यांचं पुढचं गाणं त्या ऐकण्यातून आलं. गायला मनाई होती, ऐकायला नव्हती. त्या दिवशी बसच्या खिडकीशी बसून मला त्यांच्या गाण्यापेक्षा त्यांचं ते ऐकत पडणंच जास्त जवळचं वाटलं.

घर सापडलं. मुलगा रानात गेला होता, आजी सोप्यात शेंगा फोडत होत्या. त्यांनी मला ओळखलं, पाणी दिलं. मी पिशवीतून नकल काढली आणि काय झालं ते सरळ सांगितलं. काना नव्हता, मी घातला. तो हाळ नाही, हळ्ळ आहे. ओढा.

आजींनी शेंग फोडायची थांबवली.

"त्या वड्याला आमी हळ्ळच म्हणतोय की बाई. लगीन होऊन आले तवापास्नं. तुमी हाळ म्हणालासा. आमी म्हटलं, शिकलेल्या बाई हाईत, कागद बघून सांगत्यात, आमाला काय कळतंय."

दोन उन्हाळे त्यांच्या लेकानं विहिरीच्या बाजूनं खणून पाहिलं होतं. हौदाचा दगड लागतो का म्हणून.

मला बोलायला काही सुचलं नाही. 2017 ला ही बाई माझ्या समोरच्या खुर्चीवर तासभर बसली होती. तो शब्द तिच्या तोंडात होता. 'तुमच्या रानाच्या उत्तरेला काय आहे हो?' एवढं मी विचारलं असतं तर तिनं तिथंच सांगितलं असतं. मी सांगत होते, म्हणून ती बोलली नाही. आणि ती बोलली नाही म्हणून मला वाटलं होतं की तिला पटलं.

आजींनी माझ्यापुढं शेंगांचं सूप सरकवलं. मग हाक मारून सहावीतल्या नातवाला म्हणाल्या, "बाईंस्नी हळ्ळ दाखवून आण जा."

बांधाबांधानं आम्ही गेलो. सोयाबीन काढून झालं होतं, पलीकडं ऊस उभा. ओढ्याला घोट्याएवढं पाणी होतं, निवळ, तळाचे गोटे दिसत होते. सव्वाशे वर्षांपूर्वीची उत्तर हद्द माझ्या चपलेखालून वाहत होती. मी पोराला म्हटलं, तुमच्याकडच्या सगळ्या रानांची नावं सांग, मला लिहून घ्यायची आहेत. त्यानं चार-पाच सांगितली. एका नावाशी माझा कान अडखळला.

"हे लिहून दाखव बघू. शाळेत लिहितोस तसं."

त्यानं माझी निळी वही गुडघ्यावर घेतली, पिवळ्या कडेच्या कोऱ्या पानावर कन्नडमध्ये दोन शब्द लिहिले आणि वही परत दिली. मी बोट ठेवून वाचलं, "केरे... होल."

"तसं नाही, बाई. 'के' आखूड. लांब केलं की गल्लीसारखं वाटतंय."

"केरे," मी म्हटलं.

"अजून लांबच आहे."

"केरे."

"हां."

"म्हणजे तळ्याचं रान," मी म्हटलं. "तळं कुठं आहे मग?"

त्यानं चारी बाजूंना बघितलं. ऊस, बांध, ओढा, लांबवर चिंचेची दोन झाडं.

"आता नाही. आजीला माहीत असंल."

मी वही मिटली नाही. तशीच उघडी हातात धरून त्याच्या मागं घराकडं निघाले.